१ एप्रिलनंतर बदललेल्या फायलीच तेवढ्या कॉपी करायच्या आहेत, स्क्रिप्ट कशी लिहू?

हिशोबी_सांगलीकर:
नमस्कार मंडळी. सांगलीत एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप करतोय. संगणकाचा अधिकृत माणूस वगैरे कोणी नाही, ज्याला प्रिंटर चालू करता येतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं, म्हणजे माझ्या. तर प्रश्न असा. डी ड्राइव्हवर क्लायंट नावाचं फोल्डर आहे, त्यात प्रत्येक अशिलाचं वेगळं फोल्डर, त्यात वर्षवार फोल्डरं, साधारण २०० जीबी माल आहे. कोल्हापूरच्या शाखेला दर शनिवारी हार्डडिस्क जाते. सगळं कॉपी करायला अख्खी दुपार जाते म्हणून सर म्हणाले १ एप्रिल २०२५ नंतर ज्यांत काही बदल झालाय तेवढ्याच फायली दे, पण फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहिली पाहिजे. हाताने निवडत बसणं शक्य नाही. बॅच फाइल लिहून होईल का? विंडोज १० आहे, बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. कमांड देवनागरीत लिहिल्यात तरी चालेल, मी टाइप करताना रोमन करून घेईन.

चहाबाज:
एक्सप्लोररमध्ये डेट मॉडिफाइडवर क्लिक करून सॉर्ट करायचं, वरची फोल्डरं उचलायची, पेस्ट. स्क्रिप्टबिप्ट कशाला हवी राव.

पेठेतला_पक्षी:
@चहाबाज, तिथेच तर फसतात लोक. फोल्डरची तारीख म्हणजे आतल्या फायलींची तारीख नव्हे. फोल्डरमध्ये थेट एखादी वस्तू आली, गेली किंवा तिचं नाव बदललं तरच त्या फोल्डरची तारीख बदलते. तीन पायऱ्या आत एखादी एक्सेल उघडून आकडे बदलून सेव्ह केली तर सगळ्यात वरच्या फोल्डरला त्याचा पत्ताही नसतो. फोल्डर जुनं दिसतंय म्हणून सोडलंत की आतली नवी फाइल गेली.

सर्चच्या चौकटीत डेटमॉडिफाइड लिहून तारीख दिली तर फायली सापडतात, पण तिथून कॉपी केल्या की सगळ्या एकाच फोल्डरात पडतात, रचना जाते.

धाग्याचं उत्तर: रोबोकॉपी, म्हणजे फायली कॉपी करायची एक कमांड. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. साधारण असं:

रोबोकॉपी डी:\क्लायंट ई:\कोल्हापूर /एस /मॅक्सएज:२०२५०४०१ /एल

मॅक्सएजला १९०० पेक्षा लहान आकडा दिला तर तो दिवस समजतो, मोठा दिला तर वर्ष-महिना-दिवस अशी सलग तारीख समजतो. म्हणजे /मॅक्सएज:७ लिहिलं की गेल्या ७ दिवसांतलं. /एस म्हणजे आतली फोल्डरंही घे. शेवटचं /एल म्हणजे नुसती यादी दाखव, कॉपी काही करू नको. यादी डोळ्याखालून घाला, पटली की /एल काढा.

गंपूशेठ:
धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकला आहे.

कीबोर्ड_बडवे:
देवनागरीत कमांड वाचून डॉसला मराठी यायला लागलं की काय असं वाटलं. आता पुढचं व्हर्जन 'फाइल सापडली नाही, उगाच शोधू नका' असं सांगेल.

माजघर:
@कीबोर्ड_बडवे, ते फक्त पुण्यातल्या लायसन्सला. दुपारी १ ते ४ कमांड चालणार नाहीत.

पेठेतला_पक्षी:
यायचेच होते ते. :)

दादरचा_दाते:
आमच्याकडे इतकी वर्षं एक्सकॉपी चालतंय, /डी पुढे तारीख लिहायची, झालं. एक्सकॉपी डी:\क्लायंट ई:\कोल्हापूर /एस /डी:१-४-२०२५. रोबोकॉपीचे ते शंभर स्विच कोण पाठ करणार.

पेठेतला_पक्षी:
दातेसाहेब, एक्सकॉपीचा /डी अमेरिकन पद्धतीने तारीख घेतो, महिना आधी. तुम्ही लिहिलेल्या कमांडीचा अर्थ ४ जानेवारी होतो. ती काही तक्रार करणार नाही, मुकाट्याने तीन महिन्यांचा जास्तीचा माल भरून देईल. १५-४ लिहिलं असतंत तर पंधरावा महिना कुठला म्हणून अडली असती आणि लक्षात तरी आलं असतं. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतल्या तारखा या बाबतीत सगळ्यात धोक्याच्या, आणि आपलं आर्थिक वर्ष नेमकं एकलाच सुरू होतं.

दादरचा_दाते:
डिस्कमध्ये जागा आहे भरपूर, जास्तीचं गेलं तर गेलं. कमी जाण्यापेक्षा बरं. पण मुद्दा मान्य.

लिनक्सोबा:
फाइंड . -टाइप एफ -न्यूअरएमटी '२०२५-०४-०१' -प्रिंट० | आरसिंक -ए --फ्रॉम० --फाइल्स-फ्रॉम=- . /मीडिया/डिस्क

एक ओळ. रचना जशीच्या तशी, तारखा जशाच्या तशा. आरसिंक १९९६ पासून हेच काम करतंय. विषय संपला.

चहाबाज:
त्याने विंडोज १० लिहिलंय हो पहिल्याच परिच्छेदात. आणि बाहेरचं काही टाकायचं नाही हेही लिहिलंय.

लिनक्सोबा:
म्हणून तर दया येते.

बरं, लिनक्सवाले कोणी हा धागा वाचत असतील तर एक सांगून ठेवतो. फाइंडमध्ये -एमटाइम +१ म्हणजे एका दिवसापेक्षा जुनं असं वाटतं, पण तो २४ तासांचे पूर्ण तुकडे मोजतो, वरची शिल्लक टाकून देतो. त्यामुळे +१ ला किमान दोन दिवस उलटलेल्याच फायली मिळतात, दीड दिवसापूर्वीची सुटते. नेमकी तारीख माहीत असेल तर -न्यूअरएमटीच वापरा. आणि सीपी (लिनक्सची कॉपीची कमांड) वापरत असाल तर -पी विसरू नका, नाहीतर कॉपी झालेल्या प्रत्येक फायलीवर आजची तारीख बसते आणि मग पुढच्या वेळी तारखेवरून काही ठरवायची सोयच राहत नाही.

अनुस्वार:
जागा धरून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन. तोपर्यंत @हिशोबी_सांगलीकर, तुमच्याकडे अशील पेनड्राइव्हवर फायली आणून देतात का? आणि टॅली त्याच फोल्डरात आहे का?

हिशोबी_सांगलीकर:
धन्यवाद सगळ्यांना. @पेठेतला_पक्षी, तुमची कमांड /एल लावून चालवली, यादी आली, आकडा बघून सर खूश. @अनुस्वार, हो, अर्धे अशील पेनड्राइव्ह घेऊनच येतात, उरलेले व्हॉट्सॲप करतात. टॅलीचा डेटा पण त्यातच आहे. का विचारलंत?

घाटावरचा_गण्या:
'का विचारलंत' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोरिवली_फास्ट:
पॉवरशेलने का नाही करत कोणी? तेही विंडोजमध्येच असतं. गेट-चाइल्डआयटम ला -रिकर्स -फाइल लावायचं, व्हेअर-ऑब्जेक्ट मध्ये लास्टराइटटाइम तारखेपेक्षा मोठी, आणि पाइप करून कॉपी-आयटम. वाचतानाच कळतं काय चाललंय. रोबोकॉपी म्हणजे आजोबांच्या काळातलं.

पेठेतला_पक्षी:
@बोरिवली_फास्ट, असं सरळ पाइप केलंत तर रचना सपाट होते, सगळ्या फायली एका फोल्डरात. आणि सीए ऑफिसात प्रत्येक अशिलाच्या फोल्डरात 'कॉम्प्युटेशन' आणि 'बॅलन्स शीट' नावाची फाइल असते. एकावर एक लिहिल्या जातील आणि शेवटी उरेल ती ज्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं त्याची. कोल्हापूरला सगळ्या अशिलांच्या नावावर एकट्या झंवरांचा ताळेबंद.

बोरिवली_फास्ट:
हे बरोबर आहे. प्रत्येक फाइलचा मूळ फोल्डरपासूनचा मार्ग काढून तिकडे तसं फोल्डर बनवून मग कॉपी करायचं, चार ओळी वाढतात. होतं पण.

अनुस्वार:
हं, आता सविस्तर. मी बॅकअपच्याच कामात आहे म्हणून जरा लांबण लागेल, क्षमस्व.

मॉडिफाइड तारीख म्हणजे फायलीच्या आतला मजकूर शेवटचा कधी लिहिला गेला ती. ही फाइल तुमच्या ऑफिसात कधी आली याच्याशी तिचा काही संबंध नाही. समजा अशिलाने फेब्रुवारीत बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून ठेवलं आणि मे महिन्यात पेनड्राइव्हवर आणून दिलं. तुम्ही ते पेनड्राइव्हवरून उचलून क्लायंटच्या फोल्डरात टाकलंत. विंडोज अशा वेळी मॉडिफाइड तारीख फेब्रुवारीचीच ठेवतं. तुमच्या ऑफिससाठी ती फाइल मेमधली, १ एप्रिलच्या गाळणीसाठी मात्र जुनी, म्हणून रोबोकॉपी तिला सोडून देणार, आणि सोडलं हे कोणाला कळणारही नाही. झिप उघडलीत तरी तेच, आतल्या फायली आपापल्या जुन्या तारखा घेऊन बाहेर येतात. उलट मेलमधली अटॅचमेंट सेव्ह केली की सहसा सेव्ह केल्याची तारीख लागते. म्हणजे एकच स्टेटमेंट मेलने आलं तर जाईल आणि पेनड्राइव्हने आलं तर राहील.

उलटा प्रकारही असतो. एक्सेलमध्ये आजची तारीख दाखवणारं टुडे सूत्र असलं की नुसती उघडून बंद करतानाही ती 'सेव्ह करू का' विचारते, माणूस सवयीने हो म्हणतो, आणि काही न बदलता तारीख बदलते. आउटलुकची पीएसटी फाइल (सगळे मेल साठतात ती) आउटलुक उघडलं तरी नवी होते. डिस्कवर दर शनिवारी जागा कोण खातंय असं वाटलं तर आधी तिच्याकडे बघा.

आता टॅली. टॅलीच्या कंपनीचा डेटा एका आकडी नावाच्या फोल्डरात असतो, १०००० वगैरे, आणि आत बऱ्याच फायली, जुन्या ईआरपी ९ मध्ये .९०० शेपटीच्या, नव्या प्राइममध्ये .१८०० च्या. त्या सगळ्या मिळून एक डेटा आहे. त्यातल्या आज बदललेल्या उचलायच्या आणि न बदललेल्या सोडायच्या हा प्रकार अजिबात करायचा नाही, तिकडे अर्धं फोल्डर जाईल आणि कंपनी उघडणार नाही. टॅली बंद करून अख्खं फोल्डर किंवा टॅलीचाच बॅकअप. रोबोकॉपीत /एक्सडी लावून टॅलीचं फोल्डर वगळा आणि त्याची वेगळी ओळ लिहा, तारखेशिवाय.

घाटावरचा_गण्या:
बघा, म्हटलं होतं ना.

हिशोबी_सांगलीकर:
बाप रे. आत्ता ऑफिसातच आहे, तपासलं. तुम्ही म्हणता तशा पेनड्राइव्हवरून आलेल्या फायली यादीत खरंच नाहीत. मग क्रिएटेड तारीख बघायची का? प्रॉपर्टीजमध्ये त्या फायलींची क्रिएटेड मे महिन्यातली दिसते आणि मॉडिफाइड फेब्रुवारीतली. जन्माआधीच बदल झालाय म्हणे.

अनुस्वार:
तीच खूण. क्रिएटेड ही मॉडिफाइडच्या नंतरची दिसली की समजायचं, फाइल दुसरीकडून इथे कॉपी होऊन आली. रोबोकॉपीला क्रिएटेड तारखेवर गाळता येत नाही, त्यासाठी बोरिवलीकरांचं पॉवरशेल. लास्टराइटटाइम किंवा क्रिएशनटाइम, दोन्हीपैकी एक जरी १ एप्रिलनंतरची असली तरी घे अशी अट.

बोरिवली_फास्ट:
आजोबांच्या काळातलं म्हटलं होतं ते अंशतः खरं ठरलं. :)

पेठेतला_पक्षी:
थांबा, क्रिएटेडवर पण फार भरवसा नको. उद्या ऑफिसात नवा संगणक आला आणि कोणी एक्सप्लोररने ओढून सगळं तिकडे टाकलं की २०० जीबीची क्रिएटेड तारीख त्या दिवसाची. रोबोकॉपीने नेलं तर क्रिएटेडही जुनी राहते, पण ते कोण बघतंय तेव्हा.

माजघर:
फोटोंचं कोणी काही सांगा ना. लग्नाचे फोटो तारखेप्रमाणे वेगळे करायचेत, सगळ्यांवर एकच तारीख दिसतेय.

फोकस_बिघडलेला:
@माजघर, फायलीची तारीख सोडा, कॅमेऱ्याने फोटोच्या आत एक्झिफमध्ये लिहिलेली तारीख बघा, एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन' असा कॉलम लावता येतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्यांमध्ये मात्र ती माहिती उडालेली असते. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं होतं का तेही बघा, बॅटरी पार उतरली की काही कॅमेरे आपल्या जन्मवर्षात परत जातात.

माजघर:
फोटोग्राफर आमचा मेहुणाच होता, घड्याळाचं काही सांगता येत नाही.

जर्सीची_जाऊबाई:
इकडे न्यू जर्सीत आणखी एक गंमत. पेनड्राइव्ह फॅट३२ (डिस्कवर फायली मांडायची जुनी पद्धत) असेल तर त्यात तारीख स्थानिक वेळेत लिहिली जाते, लॅपटॉपच्या एनटीएफएसमध्ये (त्यानंतरची पद्धत) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे झाली की दोन्हींत एका तासाचा फरक पडतो आणि स्क्रिप्टला सगळ्याच फायली बदलल्यासारख्या दिसतात. रोबोकॉपीत /डीएसटी आहे त्याच्यासाठी. तुम्ही लोक सुखी आहात, एकच घड्याळ बारा महिने.

अनुस्वार:
जाऊबाई, भारतातही /एफएफटी लागतो बरं का. फॅटमध्ये बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने लिहितात, एनटीएफएसमध्ये १०० नॅनोसेकंदांपर्यंत. त्यामुळे तीच फाइल दोन्हीकडे किंचित वेगळ्या वेळेची दिसते आणि परत परत कॉपी होते. एफएफटी लावला की तेवढ्या फरकाकडे काणाडोळा होतो. @हिशोबी, कोल्हापूरची डिस्क एनटीएफएस असेल तर हे सोडून द्या.

दादरचा_दाते:
फॉरफाइल्स नावाचं पण एक आहे, /डी -३० लिहिलं की गेल्या ३० दिवसांतलं मिळतं.

पेठेतला_पक्षी:
दातेसाहेब, उलटं. फॉरफाइल्समध्ये उणे ३० म्हणजे ३० दिवस किंवा त्याहून जुन्या. लोक जुने लॉग डिलीट करायला वापरतात ते.

दादरचा_दाते:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

चहाबाज:
मला एक कळत नाही. डिस्क तीच दर शनिवारी जाते-येते ना? मग तारीख हवीच कशाला? तिकडे जे नाही किंवा वेगळं आहे तेवढं टाक असं सांगता येत नाही का या रोबोकॉपीला?

पेठेतला_पक्षी:
चहाबाज, आज चहा कडक झालेला दिसतोय. रोबोकॉपीचं मूळ वागणं तेच आहे. काही न सांगता /एस नुसतं दिलं तर नवीन फायली आणि ज्यांचा आकार किंवा वेळ वेगळी आहे त्याच जातात, बाकीच्या वगळतं. पहिल्यांदा दुपारभर चालेल, पुढच्या शनिवारपासून काही मिनिटं. पेनड्राइव्हवाली फेब्रुवारीची फाइल पण जाईल, कारण ती तिकडे नाहीये. तिकडची प्रत जास्त नवी असेल आणि तिच्यावर जुनी बसायला नको असेल तर /एक्सओ लावा.

फक्त /मिर लावू नका. इंटरनेटवर जिथे तिथे सुचवलेला असतो. इकडे जे नाही ते तिकडून पुसून टाकतो तो. कोल्हापूरवाल्यांनी डिस्कवर त्याच फोल्डरात स्वतःचं काही ठेवलं असेल तर गेलं.

अनुस्वार:
+१. मी मुळात हेच म्हणणार होते, पण त्यांनी तारीखच विचारली म्हणून तारखेत गुंतले. काय बदललं हे विचारायचं असेल तर पलीकडच्या प्रतीशी ताडून बघावं. तारखेची गाळणी पलीकडे काहीच नसेल तेव्हा, म्हणजे कोणाला एका वर्षाचा माल काढून द्यायचाय अशा वेळी. २०२४-२५ चं हवं तर /मॅक्सएज:२०२४०४०१ आणि /मिनएज:२०२५०४०१ दोन्ही लावा, आणि काठावरच्या तारखांच्या फायली यादीत स्वतः बघा.

हिशोबी_सांगलीकर:
सरांना चहाबाज यांचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले डिस्क आमचीच आहे, एकदा सगळं भरू. शनिवारी रात्री लावून घरी गेलो, सोमवारी येऊन बघतो तर अजून चालूच! एका अशिलाच्या एक्सेलवर अडकलंय, ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करतोय असं परत परत लिहून येतंय.

पेठेतला_पक्षी:
कोणीतरी ती एक्सेल उघडी ठेवून घरी गेलंय. अशा फायलीला रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. गुणाकार करा, साडेअकरा महिने. /आर:२ /डब्ल्यू:५ लिहा, दोनदा बघेल आणि पुढे जाईल. /लॉग: लिहून फाइलचं नाव द्या म्हणजे काय सुटलं ते सोमवारी वाचता येईल.

कीबोर्ड_बडवे:
साडेअकरा महिने म्हणजे तोपर्यंत पुढचा एप्रिल. तारखेचा प्रश्न आपोआप सुटला असता.

हिशोबी_सांगलीकर:
झालं एकदाचं. टॅली वेगळ्या ओळीत, /आर /डब्ल्यू लावले, /एक्सएफ लावून एक्सेलच्या त्या लाटेच्या चिन्हाच्या तात्पुरत्या फायली वगळल्या. आधी मॅक्सएजने जी चाचणी केली होती त्यात तिकडे रिकामी फोल्डरं खूप तयार झालीत, ती कशी काढू? आणि टास्क शेड्युलरमध्ये लावलं तर शेवटी निकाल १ दाखवतो, शून्य नाही. चुकलं का काही?

अनुस्वार:
१ म्हणजे फायली व्यवस्थित कॉपी झाल्या. शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. रोबोकॉपीत ८ किंवा पुढचा आकडा आला तरच काळजी करायची.

रिकाम्या फोल्डरांसाठी एक विचित्र युक्ती आहे, तेच फोल्डर दोन्हीकडे द्यायचं: रोबोकॉपी ई:\चाचणी ई:\चाचणी /एस /मूव्ह. स्वतःतून स्वतःत हलवताना रिकामी फोल्डरं गळतात. पण आधी एखाद्या फालतू फोल्डरावर करून बघा. आणि मार्गाला अवतरणचिन्हं लावत असाल तर शेवटची उलटी तिरकी रेघ लिहू नका, ती पुढचं अवतरणचिन्ह गिळते आणि कमांड भलतंच वाचते.

लिनक्सोबा:
आरसिंकमध्ये शेवटच्या रेघेचा अर्थच वेगळा होतो, रेघ असली तर आतला माल, नसली तर फोल्डरासकट. तेवढं एक तरी मी मान्य करतो की तापदायक आहे.

चहाबाज:
ऐतिहासिक कबुली. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

माजघर:
मेहुण्याने सांगितलं, घड्याळ २०१२ वर होतं. आता सगळ्या फोटोंना तेवढीच वर्षं पुढे ढकलता येतील का एकदम?

फोकस_बिघडलेला:
येतील, एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे, सगळ्या तारखा एका फरकाने सरकवता येतात. वेगळा धागा काढा, तिकडे लिहितो. मूळ फोटोंची प्रत आधी बाजूला ठेवा.